तिसाव्या लेव्हलवरचा अशक्त योद्धा

मडमधला, म्हणजे अनेकांनी मिळून इंटरनेटवर खेळायच्या मजकुरी खेळातला, आपला योद्धा ३० व्या लेव्हलला पोहोचला, तरी त्याच लेव्हलचे सोबती ज्या राक्षसांना सहज लोळवतात त्यांच्यापुढे तो दोन फेऱ्याही टिकत नाही, म्हणून तो मोडीत काढून लेव्हलऐवजी स्किलवर (कौशल्यांवर) चालणाऱ्या एखाद्या मडकडे वळावे का, असे आपण विचारले आहे. हे वाचून मला नाशिकच्या अशोकस्तंभाजवळील सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून वाढवलेला माझा स्वतःचा योद्धा आठवला.

क्लायंट (खेळाला जोडणारा प्रोग्राम), क्लासची (पात्राच्या पेशाची) निवड वगैरे आपणास ठाऊक असणारच. माझे नुकसान झाले ते वेगळ्याच ठिकाणी. कोपनहेगन विद्यापीठात १९९०-९१ च्या सुमारास जन्मलेल्या डिकूमड या मडच्या वंशातील बहुतेक खेळांत लेव्हल वाढते त्या क्षणी पात्राचे कॉन्स्टिट्यूशन (प्रकृती) किती आहे यावर हिट पॉइंट (मार सोसण्याची ताकद) आणि विस्डम (शहाणपण) किती आहे यावर प्रॅक्टिस (कौशल्ये शिकण्याच्या संधी) मिळतात. नंतर हे गुण वाढवले, तरी मागच्या लेव्हलची भरपाई होत नाही. जाणकार म्हणूनच लेव्हल पालटण्याच्या तोंडावर तलवारबाजीची साधने उतरवून हे दोन गुण वाढवणारी आभूषणे चढवतात. मी मात्र घड्याळाकडे बघत धावत सुटलो. दर वेळी अवघे तीन हिट पॉइंट कमी पडले, तरी ३० व्या लेव्हलपर्यंत ८७ ची तूट साचते, आणि माझी तूट याहून मोठी होती.

त्या खेळाच्या व्यवस्थापकांना मी सविस्तर पत्र लिहिले. तीन आठवड्यांनी ‘मदतीचे पान वाचावे’ एवढेच उत्तर आले. त्या पानावर कॉन्स्टिट्यूशन म्हणजे प्रकृती, याखेरीज अक्षरही नव्हते. पुन्हा विचारले तेव्हा नियम सर्वांना सारखाच असल्याचे सुनावण्यात आले. नियम सारखा होता हे खरे, पण तो कोणाला सांगितला होता, या प्रश्नाचे उत्तर मला आजतागायत मिळालेले नाही.

स्किल-पद्धतीत असा कायमचा डाग सहसा लागत नाही, म्हणून माझा कल तिकडे आहे. १९९६ पासूनच्या ड्रॅगनरिअल्म्स या मडमध्ये कौशल्य वापरले की अनुभव आधी साठतो आणि मग हळूहळू मुरतो; साठा भरून ‘माइंड लॉक’ झाल्यावरही तेच करत राहिल्यास वेळ फुकट जातो, परंतु पात्र बिघडत नाही. अकीआ या मडमध्ये लेव्हलही आहेत आणि धडे खर्चून वाढवायची कौशल्येही आहेत, मात्र तेथे खऱ्या पैशांनी क्रेडिट (खेळातले चलन) घेऊन त्यांचे धडे करता येतात आणि ते मला रुचत नाही. ज्याला रोज तासभरच मिळतो त्याने ड्रॅगनरिअल्म्ससारखी रचना निवडावी, असे माझे मत आहे. अर्थात मी मोजकेच खेळ खेळलो आहे आणि प्रत्येक मडचा चालक सूत्रे आपल्या मर्जीने बदलतो, त्यामुळे हे मत तेवढ्यापुरतेच समजावे.

तरीही पात्र इतक्यात पुसू नका. आपले मड डिकूमडच्याच वंशातील रॉम या शाखेचे असेल, तर मूळ रॉममध्ये १० प्रॅक्टिस देऊन १ ट्रेन (गुण वाढवण्याची संधी) मिळते आणि एका ट्रेनमध्ये १० हिट पॉइंट वाढवता येतात. ही सोय मला फार उशिरा कळली. रिमॉर्टची (त्याच पात्राने पुन्हा पहिल्या लेव्हलपासून जन्म घेण्याची) सोय असल्यास पुढच्या जन्मी पहिल्या लेव्हलपासून आभूषणांची काळजी घेता येईल. सध्या आपल्याकडे किती ट्रेन आणि किती प्रॅक्टिस शिल्लक आहेत, तेवढे कळवा.