२५ डिसेंबर १९७७: बीबीसीची ती संध्याकाळ आणि २.८ कोटींचा आकडा

तुम्ही विचारलंय की, १९७७च्या ख्रिसमसला निम्म्या ब्रिटनने एकच विनोदी कार्यक्रम पाहिला हे खरं का, आणि त्यात एवढं होतं तरी काय.

निम्मा देश ही जरा अतिशयोक्तीच. कार्यक्रम होता एरिक मोरकम आणि अर्नी वाइज या जोडगोळीचा ख्रिसमस शो, बीबीसी १ वर. बीबीसीने सांगितलेले प्रेक्षक २.८ कोटी, लोकसंख्या साधारण ५.६ कोटी. निम्मा देश आला तो या गणितातून. गोम अशी की बीबीसी आणि तिची जाहिरातींवर चालणारी प्रतिस्पर्धी वाहिनी आयटीव्ही तेव्हा आपापले प्रेक्षक आपापल्या पद्धतीने मोजायच्या. बीबीसीची माणसं लोकांना गाठून ‘काल काय पाहिलंत?’ असं विचारायची, तर आयटीव्हीची मोजणी काही निवडक घरांतल्या टीव्हीला जोडलेल्या यंत्रांवरून व्हायची. दोघांचं एकमत क्वचितच व्हायचं. शेवटी १९८१ साली बार्ब ही सामाईक संस्था आली आणि भांडण मिटलं. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने पुढे केलेल्या यादीत मोरकम-वाइजना २.१३ कोटी मिळाले आणि त्याच संध्याकाळी त्यांच्या आधी लागलेल्या माइक यारवुडला २.१४ कोटी! म्हणजे दंतकथा झाली एकाची, पहिला नंबर दुसऱ्याचा. यारवुड राजकारण्यांच्या हुबेहूब नकला करायचा. त्याच्या त्या शोमध्ये बीटल्सवाला पॉल मॅकार्टनी आपल्या ‘विंग्ज’ या बँडला घेऊन आला होता, ‘मल ऑफ किनटायर’ हे गाणं गायला.

पण २.१३ कोटी हासुद्धा अचाट आकडा आहे, आणि त्याची कारणं साधी आहेत. चॅनेल तीनच. घरी व्हिडिओ रेकॉर्डर जवळपास कुणाकडेच नाही, म्हणजे चुकला तो चुकला. बाहेर दुकानं बंद, त्या दिवशी वर्तमानपत्रही निघत नाही. दुपारी तीनला राणीचं भाषण (टीव्हीवर १९५७पासून) आणि मग रात्रीपर्यंत सगळं घर त्या एका खोलीत. कुठला कार्यक्रम किती वाजता, हे ‘रेडिओ टाइम्स’ या बीबीसीच्या कार्यक्रम-साप्ताहिकाच्या ख्रिसमस जोडअंकातून आधीच ठरलेलं असायचं. आपल्याकडे दिवाळी अंकाची वाट पाहतात तशी त्याची वाट पाहायचे, पेनाने कार्यक्रमांभोवती गोल करून ठेवायचे. आयटीव्हीचे कार्यक्रम मात्र त्यात नसत, त्यासाठी ‘टीव्ही टाइम्स’ वेगळा विकत घ्यायचा! हा उफराटा कारभार १९९१पर्यंत चालला.

आता त्या शोमध्ये काय होतं? मी रेकॉर्डिंग पाहिलंय. सगळ्यात गाजलेला तुकडा म्हणजे बीबीसीचे वृत्तनिवेदक आणि क्रीडा समालोचक खलाशांच्या पांढऱ्या कपड्यांत ‘देअर इज नथिंग लाइक अ डेम’ हे ‘साउथ पॅसिफिक’ संगीतिकेतलं खलाशांचं गाणं गातात आणि मधेच धडाधड कोलांट्या मारतात. कोलांट्या अर्थातच कसलेल्या कसरतपटूंच्या, करामत संकलनाची. आज पाहताना मला फारसं हसू आलं नाही, खरं सांगतो. हे चेहरे रोज रात्री गंभीरपणे संपाच्या आणि महागाईच्या बातम्या सांगताना ज्यांनी पाहिले होते, त्यांच्यासाठी तो विनोद होता. अभिनेत्री पेनेलोपी कीथचा प्रसंग मात्र अजूनही तितकाच ताजा वाटतो. भरजरी पोशाखात ती ऐटीत भव्य जिना उतरू लागते आणि जिना मधेच संपतो, कारण सेट अर्धवट आहे. मग मागच्या सांगाड्यावरून, झगा सांभाळत, खाली उतरणं आलं. चेहऱ्यावरची शान जराही ढळू न देता! गायक एल्टन जॉन शोभर स्टुडिओ शोधत फिरतो आणि सापडतो तेव्हा सगळे घरी गेलेले असतात.

पुढच्याच वर्षी ही जोडी बीबीसी सोडून आयटीव्हीसाठी कार्यक्रम करणाऱ्या थेम्स कंपनीकडे गेली. तिथे तो रंग पुन्हा चढला नाही, असं माझं मत.

ता. क. १९८६च्या ख्रिसमसला ‘ईस्टएंडर्स’ मालिकेत डेन बायकोच्या हातात घटस्फोटाचे कागद ठेवतो, त्याचा ३.०१५ कोटींचा आकडाही तुम्हाला कुठेतरी भेटेल. त्यात नंतरच्या पुनःप्रक्षेपणाचे प्रेक्षकही धरलेले आहेत.

जुनं काही बघायचंच असेल तर १९७७ राहू द्या, याच जोडीचा १९७१चा ख्रिसमस शो शोधा. त्यात आंद्रे प्रेविन हा खराखुरा नामवंत संगीतसंचालक एरिकच्या पियानोपुढे हतबल होतो. ते समजायला ब्रिटनची काहीही माहिती लागत नाही.