स्कॅन नॉर्मल आहे, मग पोरगं असं का करतंय?

फुटबॉलचा सीझन सुरू झाला की माझ्याकडं एक प्रश्न हमखास येतो. कोल्हापुरात राहून समुपदेशन करायचं म्हटल्यावर येणारच म्हणा, शाहू स्टेडियमवर मॅच असली की अर्धी पेठ घरात सापडत नाही. प्रश्न साधारण असा असतो: "मॅडम, मॅचमध्ये डोक्याला लागलं, सीटी स्कॅन केला, सगळं नॉर्मल आलं. पण आता इतके दिवस झाले, पोरगं अभ्यासाला बसत नाही, चिडतंय, डोकं दुखतंय म्हणतंय. नाटक करतंय का हो?" कधी पोराच्या जागी पोरगी असते, आणि मुलींमध्ये तर हे प्रमाण मुलांपेक्षा जास्तच आढळतं, पण मुलीला लोक नाटक म्हणत नाहीत, नाजूक म्हणतात, एवढाच फरक.

आधी स्कॅनचं सांगते, कारण निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात. कन्कशनमध्ये, म्हणजे डोक्याला मार बसून होणाऱ्या या दुखापतीत, मेंदू कवटीच्या आत हादरतो आणि त्याच्या कामात काही दिवस गोंधळ होतो. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, फ्रॅक्चर दिसतं, हा गोंधळ दिसत नाही. म्हणजे नॉर्मल रिपोर्ट आला की जिवावरचं काही नाही एवढंच कळतं, पोराला काही झालंच नाही असं त्यातून कळत नाही. बेशुद्ध पडला तरच कन्कशन हा पण गैरसमज, बहुतेकांची शुद्ध जातच नाही. आणि दरवेळी बॉलच लागतो असंही नाही, दोघं एकाच बॉलला हेड मारायला उडतात आणि डोक्यावर डोकं आपटतं, किंवा कोपर बसतं.

तर नववीतला एक मुलगा. मिडफिल्डला खेळायचा, आपल्या वयाच्या टीममध्ये चांगला समजला जायचा. कॉर्नरला उडाला, समोरच्याच्या डोक्याला डोकं लागलं, उठला, कोचनं विचारलं "ठीक आहेस का", हा म्हणाला "ठीक आहे", आणि उरलेली मॅच खेळला. रात्री उलटी झाली तेव्हा घरच्यांना कळलं. दवाखाना, स्कॅन, आराम, सगळं रीतसर झालं. माझ्याकडं आले तेव्हा आईची तक्रार एक होती आणि वडिलांची बरोबर उलटी. आई म्हणाली, शाळेत जायचं म्हटलं की डोकं धरून बसतो. वडील म्हणाले, "आणि मैदानावर जायचं म्हटलं की टुणकन उठतो. मग मॅडम, दुखतंय का नाही, एक काय ते ठरवा की."

मी मुलाशी एकट्याशी बोलले. पहिले काही वेळा तो नुसता "ठीक आहे" म्हणायचा. मग मी कसं वाटतंय हे विचारायचंच सोडलं आणि वेगळंच विचारलं, की तू ठीक आहे म्हणालास तर काय होतं आणि दुखतंय म्हणालास तर काय होतं?

तो जरा वेळ फॅनकडं बघत बसला. मग म्हणाला, "बरं वाटतंय म्हटलं की आई सगळा राहिलेला अभ्यास काढून बसवते. दुखतंय म्हटलं की पप्पा म्हणतात टीममधली जागा गेली बघ. त्यामुळं समोर कोण आहे ते बघून सांगतो."

मी गेली बरीच वर्षं विवेकनिष्ठ पद्धतीनं काम करते, म्हणजे माणूस घटनेपेक्षा त्या घटनेवर मनात घातलेल्या अटींमुळं जास्त अडकतो असं मानणारी मी. सहसा मी अटी पेशंटच्या मनात शोधते. पण इथं अटी घरभर पसरलेल्या होत्या. पोराला खरं काय वाटतंय हे कुणाला कळतच नव्हतं कारण खरं बोलायला त्या घरात पैसे पडत होते, प्रत्येक उत्तराला काहीतरी भरावं लागत होतं. आणि खोटं फुकट होतं. हे डोक्यात बसल्यावर मला पुढची वाट स्पष्ट दिसली, आणि खरं सांगायचं तर मला बरं पण वाटलं, कारण तोवर सगळ्यांनी त्या पोराचाच स्वभाव तपासला होता.

तिघांना एकत्र बसवलं. वडील स्वतः तरुणपणी पेठेकडून खेळलेले, त्यामुळं त्यांच्या बोलण्यात जुन्या मॅच येणारच. म्हणाले, "आमच्या वेळी कुठलं स्कॅन. एका फायनलला कपाळ फुटलं, फडकं बांधलं, परत उतरलो आणि गोल मारला." मी विचारलं, कसा मारला? ते हसले. "ते काय आठवत नाही बघा. पोरांनी नंतर सांगितलं मी मारला म्हणून."

मुलगा एकदम त्यांच्याकडं बघायला लागला. "म्हणजे तुम्हाला आठवतच नाही? आज्जाला सांगितला नाहीसा?"

"सांगितलं असतं तर पुढच्या मॅचला बसवलं असतं की."

"मग मी पण तेच करतोय."

वडील काही बोलले नाहीत. आई मात्र बोलली, आणि नवऱ्याला नाही, मुलाला बोलली, "आणि माझ्यापुढं उलटं करतोयस." तो हो म्हणाला. बास, मला जे काढायचं होतं ते त्या तिघांनी आपापसात काढलं, मी फक्त गोल कसा मारला एवढं विचारलं होतं. मला अजून वाटतं की योग्य जागी विचारलेला साधा प्रश्न दहा सल्ल्यांचं काम करतो.

(वडिलांना मी 2014 च्या वर्ल्ड कप फायनलचं सांगितलं. जर्मनीच्या क्रामरला डोक्याला लागलं, तो तसाच खेळत राहिला आणि थोड्या वेळानं रेफरीलाच विचारायला लागला की ही फायनल आहे का. ती मॅच त्यांनी गल्लीत स्क्रीन लावून बघितलेली होती, आणि हे माहीत नव्हतं.)

मग आम्ही घरातली पद्धत बदलली. दिवसभर "आता कसं वाटतंय" विचारायचं बंद. संध्याकाळी एकदाच, शून्य ते दहा, डोकं किती दुखतंय, आकडा सांगायचा आणि वहीत लिहायचा. आणि मुख्य अट पालकांसाठी होती: त्या आकड्यावरून त्या दिवशी घरात कुणी काही ठरवायचं नाही. अभ्यास नाही, मैदान नाही, टोमणा तर नाहीच. निर्णय वही बघून डॉक्टर घेणार. पहिले काही दिवस आकडे वाढले, आई घाबरून फोन करायला लागली, मी म्हटलं घाबरू नका, आजार वाढला नाही, खरेपणा वाढलाय. तरी डॉक्टरना वही दाखवून घ्या म्हटलं, आणि त्यांनीही तेच सांगितलं. मग आकडे खाली यायला लागले.

आता जे सगळ्यांनाच सांगते ते इथंही सांगते. डोक्याला लागल्यावर शंका आली तरी त्या दिवशी परत खेळायचं नाही, पहिलं डोकं बरं व्हायच्या आधी दुसरा मार बसला तर ते क्वचित का होईना पण जिवावर बेतू शकतं. सारख्या उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका म्हणजे फिट, जाग न येणं, हातापायात कमजोरी, बोलण्यात गोंधळ, यातलं काही दिसलं तर मला फोन करू नका, थेट हॉस्पिटल. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर कोंडून ठेवायची पद्धत आता गेली, पहिले 24 ते 48 तास निवांत, मोबाईल कमी, मग हळूहळू चालणं फिरणं. हलकं काही करताना डोकं थोडं दुखलं, म्हणजे आकडा एकदोननं चढला आणि तासाभरात उतरला, तर तेवढं चालतं. आधी शाळा पूर्ण, मग मैदान, हा क्रम उलटा करू नका. मैदानातही टप्पे असतात, आधी पळणं, मग बॉल घेऊन एकट्यानं ड्रिल, मग धक्काबुक्की नसलेली प्रॅक्टिस, आणि धक्का लागेल अशी प्रॅक्टिस डॉक्टरनी हो म्हटल्यावरच, मॅच सगळ्यात शेवटी. प्रत्येक टप्प्याला निदान एक दिवस. बहुतेक मुलं महिन्याभरात बरी होतात, त्यापुढं गेलं तर परत डॉक्टर.

गोलकीपर पीटर चेक घालायचा तसली टोपी आणू का, असं पण विचारतात. त्याची कवटी फ्रॅक्चर झाली होती, गोष्ट वेगळी, आतला मेंदू हादरायचा थांबेल असा भरवसा टोपीवर ठेवू नका. हेडिंग बंद करायचं का? अमेरिकेत 2015 मध्ये तिथल्या फुटबॉल फेडरेशननं दहा वर्षं आणि त्याखालच्या मुलांना हेडिंग बंद केलं. आपल्या लहान पोरांना पण घाई करू नये असं माझं मत.

पण मला जास्त आवडलेला नियम दुसरा आहे. 2024 पासून फुटबॉलच्या नियमांत कन्कशनसाठी जादा सबस्टिट्यूट, म्हणजे बदली खेळाडू, द्यायची कायमची सोय झाली, ज्या स्पर्धेला हवी तिनं घ्यावी. म्हणजे डोक्याला लागलेला खेळाडू बाहेर काढला तर टीमच्या मोजक्या बदलांतला एक वाया जात नाही. खरं बोलण्याची किंमत कमी करायची, हेच की ते. मी त्या घरात जे वहीनं केलं ते यांनी नियमानं केलं, असं म्हणायला हरकत नाही.

तो मुलगा आता परत खेळतोय. मैदानात उतरायच्या आधी वडील कोचकडं जाऊन आले. म्हणाले, पोरगं डोकं जड आहे म्हणालं तर त्याला लगेच बाहेर घ्या, पण त्यापायी टीममधनं त्याचं नाव कापू नका, बरा झाला की जागा त्याची. कोच म्हणाले, असं एकाला करून कसं चालंल, मग सगळ्यांनाच करावं लागंल.

वडील म्हणाले, "मग करा की."