विंडोजशेजारी लिनक्स: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: घरचा डेस्कटॉप जुना आहे. ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. विंडोज ११ तो घेत नाही आणि विंडोज १० चे मोफत अपडेट बंद झाले. लिनक्स टाकायचं आहे, पण टॅली आणि घरचे फोटो दोन्ही हवेत. काय करावं?

उत्तर: लिनक्स ही विंडोजसारखीच, पण मोफत संगणक प्रणाली आहे. तिच्यातल्या लिनक्स मिंट २२ ची एक्सएफसीई आवृत्ती घ्या. ती हलकी आहे आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतील. टॅली मात्र विंडोजसाठीच बनलेलं आहे, म्हणून विंडोज काढू नका. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवा आणि विंडोज फक्त टॅलीपुरतं, शक्यतो इंटरनेट न जोडता वापरा.

आधी फोटो आणि टॅलीचा डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या. ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून चार-दोन फायली उघडून बघा. नुसतं कॉपी झालं म्हणून निर्धास्त राहू नका. पैसे खर्च करणारच असाल तर एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कऐवजी चालणारी वेगवान डिस्क, बसवा. जुन्या यंत्राला त्याने जेवढा वेग येतो, तेवढा कुठल्याच प्रणालीने येत नाही.

मग ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यावरचं सगळं पुसलं जाईल. मिंट बसवायची आयएसओ फाइल ३ जीबीच्या आसपास असते, ती रूफस या मोफत प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर लिहा. नुसती कॉपी-पेस्ट केली तर त्यावरून संगणक सुरू होईलच असं नाही.

विंडोजमध्ये दोन कामं उरतात. पॉवर ऑप्शन्समधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही, ड्राइव्ह अर्धवट झोपेत राहतो आणि लिनक्सला त्यावर काही लिहिता येत नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘श्रिंक व्हॉल्यूम’ वापरून ६० जीबी जागा मोकळी करा आणि ती तशीच रिकामी सोडा.

पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर लगेच इन्स्टॉल करू नका. आधी वायफाय, आवाज, छपाई तपासा. वायफाय दिसलं नाही तर मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग करा आणि बसवून झाल्यावर ड्रायव्हर मॅनेजर उघडा.

बसवताना ‘विंडोजच्या शेजारी’ हा पर्याय निवडा. तो दिसलाच नाही तर तिथेच थांबा! ‘इरेज डिस्क’ला हात लावू नका, फोटो जातात ते याच पायरीवर. बहुतेक वेळा विंडोज यूईएफआय या संगणक सुरू करण्याच्या नव्या पद्धतीने बसवलेलं असतं आणि पेनड्राइव्ह जुन्या पद्धतीने सुरू झालेला असतो. बूट मेनूत (कशावरून सुरू करायचं ते विचारणाऱ्या यादीत) पेनड्राइव्हच्या नावाआधी ‘यूईएफआय’ लिहिलेली ओळ निवडून पुन्हा सुरू करा.

प्रश्न: लिनक्सवर मराठी टायपिंग कसं करायचं? ‘दुसऱ्या’ हा शब्द नीट उमटत नाही.

उत्तर: सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, मग लेआउट. ‘सिस्टिम डिफॉल्ट्स’ची खूण काढा आणि इंडियन गटातला मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीची प्रमाण कीबोर्ड रचना) जोडा. विंडोजवर इनस्क्रिप्ट शिकला असाल तर बोटांना नवं काही शिकवावं लागणार नाही. ‘ऱ्या’साठी शिफ्टसह जे, मग डी, मग तिरकी रेघ, मग ई. शिफ्ट न धरता जे दाबलं की साधा र येतो आणि त्याचा रफार होऊन ‘दुसर्या’ उमटतं.

प्रश्न: एचपी लेझरजेट १०२० लिनक्सवर दिसतो, पण कागद हलत नाही.

उत्तर: हा प्रिंटर चालू केल्यावर दर वेळी संगणकाकडून फर्मवेअर, म्हणजे स्वतःला चालवणारा छोटा प्रोग्रॅम, घेतो. ते एचपीच्या वेगळ्या प्लगइनमध्ये असतं. एचपीलिप (hplip) हे पॅकेज बसवा आणि टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, ‘एचपी-प्लगइन’ (hp-plugin) चालवून ते उतरवून घ्या. पुढे अपडेटनंतर छपाई अचानक थांबली तर तीच आज्ञा पुन्हा द्या, कारण प्लगइन आणि एचपीलिप यांची आवृत्ती एकच असावी लागते.