गुडघा बदलला, दुखणं थांबलं, तरी तोल का जातो?

आईंचा उजवा गुडघा बदलून दोन महिने झाले, दुखणं थांबलंय, एक्स-रे चांगला आहे, तरी भिंत धरल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. माझे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. एवढ्या दिवसांत हे होणं नवलाचं नाही, पण आपोआप जाईल म्हणून सोडूही नका. भेटायला येणारा प्रत्येक जण 'किती वाकतो?' एवढंच विचारतो, आणि वाकवण्याच्या नादात तोलाचा व्यायाम राहून जातो.

मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद पहिल्या महिन्यात निम्म्याच्या आसपास उतरते. सूज असेपर्यंत तो नीट आवळला जात नाही. शिवाय पाय कुठे आहे हे मेंदूला कळवणारा सांध्यातला एक लिगामेंट (हाडांना बांधून ठेवणारा पट्टा) बहुतेक वेळा काढलेला असतो. वर्षानुवर्षं बाक आलेला पाय एका दिवसात सरळ होतो, पण वजन दुसऱ्या पायावर टाकायची सवय तशीच राहते.

आई खुर्चीतून उठताना बघा. ऑपरेशनचा पाय हळूच पुढे सरकवून सगळा भार डाव्यावर घेत असतील. खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा, दोन्ही टाचा सारख्या मागे घेऊन उठायला लावा. मग ओटा धरून वजन आलटून पालटून दोन्ही पायांवर, कडेकडेनं पावलं, आणि जमू लागलं की एका पावलापुढे दुसरं ठेवून उभं राहणं. आधी दोन्ही हात, नंतर दोन बोटं टेकवून. मागे खुर्ची, शेजारी माणूस हवंच. डोळे मिटून किंवा गादीवर उभं राहणं फिजिओथेरपिस्टसमोरच.

काठी डाव्या हातात आहे ना? बरेच लोक दुखऱ्या बाजूलाच धरतात.

तोल जाणं आणि चक्कर यांत गल्लत नको. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर बीपीच्या आणि दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा, ट्रॅमाडॉल या वेदनाशामक गोळीनं तर अनेकांना गरगरतं. मधुमेहामुळे तळपाय बधिर असतील किंवा बी-१२ कमी असेल तरी पाय असाच डगमगतो. गुडघा एकदम दगा देऊन पाय दुमडत असेल तर मात्र व्यायाम थांबवून सर्जनना गाठा.

डावा गुडघा कसा आहे तेही कळवा. तोही झिजलेला असेल तर एका पायावर उभं करण्याची घाई नको.