जुन्या फियाटचे क्रोमचे भाग ओरिजिनल आहेत की नाहीत, हे कसं ओळखायचं?

चुंबकावर अजिबात जाऊ नका. तुम्ही लिहिलंय की आजोबांची १९६७ ची फियाट डिलाइट गुहागरच्या घरी उभी आहे, मुंबईचा एक विक्रेता दाराची हँडलं, बीडिंग (म्हणजे बॉडीवरच्या चकचकीत पट्ट्या) आणि डिकीवरचं नाव असा सगळा सेट ‘ओरिजिनल’ म्हणून देतोय आणि खात्री हवी तर चुंबक लावून बघा म्हणतोय. ह्याच चुंबकावरून माझं आणि माझ्या भावोजींचं इतकी वर्षं वाजतंय, की तुमचा प्रश्न वाचून उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना.

चुंबक फक्त लोखंड आहे की नाही एवढं सांगतं. बंपर पोलादी पत्र्याचा, त्याला चिकटणारच. हँडलं आणि अक्षरं त्या काळात बहुतेक जस्ताच्या डायकास्टिंगची, म्हणजे वितळलेला धातू दाबाने साच्यात भरून केलेली; त्या जस्ताला गॅरेजवाले मझाक म्हणतात. त्याला चुंबक चिकटत नाही, पण पितळेलाही चिकटत नाही आणि ॲल्युमिनियमलाही नाही. स्टीलच्या बीडिंगचं तर आणखी वेगळं. ३०४ ग्रेडला चुंबक धरत नाही, ४३० ला धरतं, आणि गाड्यांच्या पट्ट्यांना ४३० सर्रास वापरतात. मग चिकटलं म्हणून नकली आणि नाही चिकटलं म्हणून अस्सल, हे कुठल्या हिशेबाने?

आमच्या बाबांची फियाट रत्नागिरीत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असायची. खाऱ्या वाऱ्याने डिकीवरच्या नावाला फोड आले, म्हणून ते एका प्लेटिंगवाल्याकडे दिलं. परत आलं ते आरशासारखं चकचकीत. भावोजी खूश. मी ते उलटं करून पाहिलं. आमच्या नावाच्या पाठीला उठावाचा नंबर होता, साच्यातून भाग ढकलून बाहेर काढणाऱ्या पिनांचे गोल ठसे होते, आणि डिकीच्या भोकात बसणाऱ्या खुंट्यांपैकी एक तुटलेली, ती बाबांनी एम-सीलने बसवलेली. हातात आलेल्या नावाची पाठ खरखरीत, वाळूत ओतल्यासारखी. नंबर नाही, ठसे नाहीत आणि चारही खुंट्या नव्या डाग दिलेल्या. ‘अहो, आमचं नाव कुठंय?’ म्हटलं, तर प्लेटिंगवाल्याने चुंबक काढून दाखवलं. चिकटत नाही ना, मग ओरिजिनलच. आणि भावोजींनी मान डोलावली!

मी घरी येऊन ते डिकीवर धरलं. एका टोकाची खुंटी भोकात गेली, दुसऱ्या टोकाची भोकाच्या कडेवर अडकली. कारण सोपं आहे. अस्सल भागाचाच ठसा वाळूत घेऊन पितळ ओतलं की थंड होताना ते शेकडा दीडच्या आसपास आकसतं. वीस सेंटिमीटर लांबीला तीन मिलिमीटर कमी. नकलेला हे चुकवता येत नाही, कारवारपासून डहाणूपर्यंत कुणीही ओतलं तरी. आमचं जस्ताचं नाव बहुधा ॲसिडच्या टाकीतच खाल्लं गेलं असणार, कारण जुनं क्रोम काढायला लावलेलं ॲसिड जस्ताला सोडत नाही. त्याने तसं सरळ सांगितलं असतं तर मी भांडलो नसतो. भावोजी आजही म्हणतात, ‘चकाकतंय ना, मग झालं.’ नाही झालं. बाबांनी हाताने बसवलेली खुंटी गेली.

तर तुम्ही काय बघायचं? आधी पाठ. मग अक्षरांच्या कडा. पॉलिशच्या चाकावर घासून पुन्हा प्लेटिंग केलेल्या भागाच्या कडा गोल होतात, अक्षरांच्या आतले कोपरे बुजतात. मग गंजाचा रंग. आपल्या किनाऱ्यावर ही परीक्षा फुकट होते. पांढरी भुकटी आणि फोड आले तर जस्त (ॲल्युमिनियमलाही पांढरंच येतं, पण ते हाताला लगेच हलकं लागतं), हिरवट आलं तर बहुधा पितळ, तांबूस आलं तर लोखंड. ‘साठ वर्षांचं ओरिजिनल’ म्हणून दिलेल्या हँडलच्या फटीत हिरवं दिसलं, तर विचारा हे पितळ आलं कुठून. आणि डिलाइटच्या नावाने पद्मिनीचा, म्हणजे ह्याच गाडीच्या नंतरच्या मॉडेलचा, माल खपवतात, बॉडी जवळपास तीच असल्याने तो बसतोही. म्हणून नुसतं ‘बसतंय’ हा पुरावा नव्हे.

तुमच्या जागी मी असतो तर फोड आलेले जुनेच भाग गाडीवर ठेवले असते. वरचा क्रोमचा थर मायक्रॉनच्याही आत असतो, गंज थोपवतं ते त्याच्या खालचं निकेल. निकेलमध्ये काटकसर केलेलं नवं प्लेटिंग आपल्याकडे एका पावसाळ्यात डाग धरतं. जुन्या भागांना गोड्या पाण्याने धुऊन, नीट कोरडं करून मेण लावा, आणि पावसात ताडपत्री गुंडाळू नका, आत दमट हवा कोंडते. घरातल्या कुणाला समयीसारखं आमसुलाने घासू देऊ नका. क्रोमच्या बारीक छिद्रांतून आंबट रस खाली जस्तापर्यंत पोचतो आणि फोड वाढतात.

एक सांगायचं राहिलं. पाठीवर नंबर नसला म्हणजे नकलीच, असं नाही. त्या काळी वेगवेगळ्या पुरवठादारांचा माल यायचा, सगळ्यांचे साचे सारखे नव्हते. आणि तुमच्या गाडीची डिकी कधी बदललेली असेल तर भोकांचं मापही साक्षीला येणार नाही, आधी घरच्या जुन्या माणसांना विचारा.

बाकी विक्रेत्याकडून प्रत्येक भागाच्या मागच्या बाजूचा फोटो मागवा, शेजारी मोजपट्टी ठेवून, आणि हँडल डावं-उजवं दोन्ही. डिकीवरच्या भोकांमधलं अंतर तुम्ही आधीच मोजून ठेवा, पण त्याला सांगू नका, त्यालाच खुंट्यांचं माप विचारा. तो पुन्हा चुंबकावर आला तर आगाऊ पैसे पाठवू नका.