खोलीचे फोटो नंतर, ऑक्सिजनचा सिलिंडर आधी

इंडोनेशियाच्या डाइव्ह ट्रिपबद्दल दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीआधी येणाऱ्या पत्रांत निम्मी पत्रं एकाच प्रश्नाची असतात: "चांगलं रिसॉर्ट सुचवा." रिसॉर्टचं नाव इथे मिळणार नाही. मालक बदलतो, मॅनेजर बदलतो, गेल्या वर्षीची चांगली नाव यंदा गोदीत पडलेली असते. रिसॉर्ट पारखायचं कसं, ते मात्र सांगता येईल.

प्रश्न : मालवणला दोनदा स्कूबा केलंय, व्हिडिओही आहे. बालीत वेगळं कार्ड मागतील का? (पुणे)

मागतील. न मागणाऱ्याकडे जाऊ नका.

तारकर्ली-मालवणला होतं ते ओळखीपुरतं. मागून कोणीतरी तुमचा सिलिंडर धरलेला असतो, जॅकेटमधली हवा तोच भरतो-सोडतो, आणि पंधरा-वीस मिनिटांत तुम्ही वर येता. त्यात वाईट काही नाही, पण त्याला प्रशिक्षण म्हणत नाहीत. ओपन वॉटर कार्डासाठी, म्हणजे पहिल्या पातळीच्या डाइव्ह प्रमाणपत्रासाठी, तीन-चार दिवस लागतात आणि ते 18 मीटरपर्यंत चालतं. थिअरी घरी बसून ऑनलाइन उरका, म्हणजे सुट्टीतला एक दिवस वर्गात जाणार नाही. कोर्स करायचा तर शांत पाणी निवडा: गिली त्रावांगन, आमेद, तुलांबेन. जोरदार प्रवाहांच्या कोमोडोत शिकायला जाणं म्हणजे गाडी शिकायला बोरघाटात उतरणं.

प्रश्न : पोहता येत नाही. कोर्स होईल का? (लातूर)

नाही. 200 मीटर न थांबता पोहणं आणि 10 मिनिटं आधाराविना तरंगणं ही कोर्सची अट आहे. गावातल्या तलावावर क्लास लावा.

प्रश्न : दिवाळीत जावं की मेमध्ये? कोणी म्हणतं पावसाळ्यात सगळं इंडोनेशिया बंद असतं. (ठाणे)

हे "कोणी म्हणतं" प्रकरण बंद करा. या देशाची पूर्व-पश्चिम लांबी पाच हजार किलोमीटरच्या वर आहे, तिथे तीन प्रमाणवेळा चालतात. सगळीकडे एकच पावसाळा कसा असेल?

कोमोडोचा हंगाम ढोबळमानाने एप्रिल ते नोव्हेंबर. त्यानंतर वायव्येचे वारे सुरू होतात आणि समुद्र खवळतो. पूर्वेकडच्या राजा अंपात बेटांचं उलट आहे: ऑक्टोबर ते एप्रिल चांगलं, आणि जून ते सप्टेंबर दक्षिणेच्या वाऱ्याने नावा हैराण. म्हणजे मेच्या सुट्टीला कोमोडो आणि दिवाळीला राजा अंपात. मानादोजवळचं बुनाकेन आणि लेंबेह सामुद्रधुनी जवळजवळ वर्षभर चालते. मोलामोला (अवाढव्य सनफिश मासा) पाहायचाच असेल तर जुलै ते ऑक्टोबर, बालीजवळचं नुसा पेनिडा बेट. पण तिथे खालचं पाणी 20 अंशांच्याही खाली उतरू शकतं, त्यामुळे 3 मिलिमीटरचा सूट पुरत नाही, 5 मिलिमीटर आणि हूड मागा.

प्रश्न : राजा अंपातला दोन रिसॉर्ट निवडली आहेत. एकाची खोली थेट पाण्यावर आहे आणि ते फाइव्ह स्टार आहे. दुसरं साधं, पण डाइव्ह साइटच्या जवळ. कोणतं घेऊ? (मुंबई)

आधी ते "फाइव्ह स्टार" तपासा. डाइव्हिंगमध्ये ही श्रेणी प्रशिक्षण संस्था देते, आणि ती त्या केंद्राच्या कोर्स आणि व्यवसायाबद्दल असते. गादी, नाश्ता किंवा नावेच्या इंजिनाशी तिचा संबंध नाही. जाहिरातीत हॉटेलचे तारे आणि डाइव्ह सेंटरचे तारे मुद्दाम शेजारी छापतात, आणि वाचणारा त्यांची बेरीज करतो.

खोलीचा प्रश्न तुमचा तुम्ही सोडवा. पैसे भरण्याआधी दोन्ही रिसॉर्टना एकच ईमेल पाठवा: नावेवर ऑक्सिजन आहे का? किती लिटरचा सिलिंडर, आणि तो वापरायचं प्रशिक्षण कोणाकोणाला आहे? आज चालू असलेलं सर्वांत जवळचं रिकंप्रेशन चेंबर (रुग्णाला पुन्हा दाबाखाली ठेवून उपचार करायची बंद कोठी) कुठे आहे? तिथे नेणार कशाने, रात्री नेता येतं का, एकूण किती तास? "डोन्ट वरी, व्हेरी सेफ" एवढंच उत्तर आलं तर ते रिसॉर्ट यादीतून काढा. चांगलं केंद्र या प्रश्नांना चिडत नाही, आकड्यांत उत्तर देतं.

एवढा आग्रह का, ते हिशोबाने पाहा. खाली श्वास घेताना नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो. वर येताना तो सावकाश बाहेर पडायला हवा. बुडबुडे झाले की डिकंप्रेशन सिकनेस, म्हणजेच बेंड्स. त्यावर पहिला उपाय शंभर टक्के ऑक्सिजन, तोही लगेच. आता 3 लिटरचा छोटा सिलिंडर घ्या. 200 बार दाबाने भरला तर त्यात सुमारे 600 लिटर ऑक्सिजन. मिनिटाला 15 लिटर सोडला तर तो 40 मिनिटांत संपला. राजा अंपातच्या क्री बेटावरून वाइसाई गावाला जायला स्पीडबोटीने अर्धा-पाऊण तास धरा. तिथून सोरोंग बंदराची फेरीबोट दोन तासांची, ती वेळेवर सुटली तर. चेंबर त्याही पुढे. तीन तासांना 2700 लिटर लागतील आणि पेटीत आहेत 600. म्हणून "ऑक्सिजन आहे" हे उत्तर पुरेसं नाही, किती आहे ते विचारायचं. डिमांड व्हॉल्व्ह असेल तर रुग्ण श्वास घेईल तेव्हाच वायू सुटतो आणि साठा जास्त वेळ पुरतो. तोही आहे का ते विचारा.

दुसरा घोटाळा उशिराचा. डाइव्हनंतर तासाभरात खांदा दुखतो, बोटांना मुंग्या येतात, विचित्र थकवा येतो, अंगावर डाग उठतात. माणूस म्हणतो, सिलिंडर उचलताना लचकलं असेल, झोपून बघू. रात्री उठून लघवीला जाताना पाय लटपटतात, तेव्हा कुठे सांगतो. असं काही जाणवलं तर त्याच क्षणी गाईडला सांगा, ऑक्सिजन घ्या, आडवे पडा, आणि डायव्हर्स अलर्ट नेटवर्क (डायव्हरांना वैद्यकीय मदत करणारी संस्था) हिच्या हेल्पलाइनला फोन लावायला सांगा. दुखणं थांबावं म्हणून पुन्हा पाण्यात उतरवण्याचा जुना प्रकार कोणी सुचवला तर ठाम नाही म्हणा. ऑक्सिजनने बरं वाटलं तरी डायव्हिंग मेडिसिनच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय प्रकरण संपलं असं समजू नका.

चेंबर देनपसारला आहे, मानादोला आहे. पण यंत्र बंद असू शकतं, चालवणारा रजेवर असू शकतो. म्हणून निघायच्या आठवड्यात पुन्हा विचारायचं. विम्याचंही तेच. आपल्याकडच्या बऱ्याच प्रवास विम्यांत साहसी खेळ वगळलेले असतात, किंवा स्कूबाला खोलीची मर्यादा घातलेली असते. एजंटच्या तोंडी भरवशावर राहू नका. पॉलिसीत स्कूबा, चेंबरचा खर्च आणि हवाई स्थलांतर हे तीन उल्लेख स्वतः शोधा.

आणि हो, साइटजवळचं साधं रिसॉर्ट वाईट नसतं. फक्त कॉम्प्रेसरची खोली पाहायला मागा. हवा ओढणारा पाइप जनरेटरच्या धुराड्याशेजारी असेल तर कार्बन मोनॉक्साइड थेट तुमच्या सिलिंडरमध्ये जातो. त्याला स्वतःचा वास नसतो. फिल्टर शेवटचा कधी बदलला याची वही तिथेच टांगलेली असावी. सिलिंडरची हवा नुसती नाकाने हुंगली तरी तेलकट वास कळतो. वास आला तर सिलिंडर परत. वास आला नाही म्हणजे हवा शुद्ध असंही नाही, म्हणून वही बघायचीच.

प्रश्न : दहा डाइव्हचं पॅकेज दुसऱ्यापेक्षा तीस टक्के स्वस्त मिळतंय. घ्यावं का? (नागपूर)

त्या दरात काय नाही ते विचारा. रेग्युलेटर (श्वास घ्यायचं साधन) आणि जॅकेट (तरंगण्यासाठी हवा भरायचं) यांचं भाडं, सागरी उद्यानाची फी, लांबच्या साइटचा इंधन अधिभार, नायट्रॉक्स (जादा ऑक्सिजन असलेली हवा), कर. हे सगळं वर लागलं की स्वस्त पॅकेज महाग पडतं. "हाउस रीफ (रिसॉर्टसमोरचं प्रवाळ) अमर्याद" असं लिहिलेलं असतं, पण प्रत्येक सिलिंडरचे पैसे वेगळे. कोमोडोसाठी लाबुआन बाजो बंदरातून दिवसाची नाव घेत असाल तर साइटवर पोचायला किती वेळ लागतो तेही विचारा. मंद नावेने बातू बोलोंग या साइटला दीड-दोन तास सहज जातात. आणि एका गाईडमागे चारपेक्षा जास्त डायव्हर असतील तर उरलेली सवलत तिथे वसूल झाली असं समजा.

प्रश्न : माझे 12 डाइव्ह झालेत. नुसा पेनिडाला मांटा पॉइंट आणि क्रिस्टल बे या दोन्ही साइट सांगितल्यात. जमेल ना? (कोल्हापूर)

मांटा पॉइंट लाट कमी असेल तर जमू शकेल. क्रिस्टल बे आत्ता नको. तिथे पाणी अचानक खाली ओढतं, आणि 12 डाइव्हवाला घाबरून जॅकेट फुगवतो किंवा वर पळतो. फेब्रुवारी 2014 मध्ये याच पट्ट्यात सात जपानी डायव्हर प्रवाहात वाहून गेल्या. पाच जणी काही दिवसांनी सापडल्या, दोघी वाचल्या नाहीत.

प्रवाहाच्या जागी प्रत्येकाकडे स्वतःचा सरफेस मार्कर बॉय (पाण्यावर आपली जागा दाखवणारा फुगा) आणि शिट्टी हवी, फक्त गाईडकडे असून भागत नाही. तो फुगा पाण्याखालून सोडायचा सराव आधी शांत पाण्यात करा. पहिल्यांदाच सोडताना दोरा बोटात अडकतो आणि फुगा माणसालाच वर ओढून नेतो. तुमच्या लॉगबुकसकट तिथल्या इन्स्ट्रक्टरला भेटा आणि पहिल्या दिवशी सोपा डाइव्ह मागा. पुढचं तो ठरवेल.

प्रश्न : शेवटच्या दिवशी सकाळी तुलांबेनला लिबर्टी जहाजावर दोन डाइव्ह, दुपारी किंतामानी, रात्री उशिरा विमान. एजंटने बसवून दिलंय. (डोंबिवली)

एजंटने तुम्हाला बसवलंय.

एकापेक्षा जास्त डाइव्हनंतर विमानाआधी किमान 18 तास हवेत, आणि 24 असले तर उत्तम. एकाच डाइव्हनंतरही 12. केबिनमधली हवा समुद्रसपाटीची नसते, 1800 ते 2400 मीटर उंचीवर असते तशी विरळ असते. हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे, डोंगर मात्र सगळे विसरतात. तुलांबेनहून किंतामानीमार्गे उबुदला जाणारा रस्ता साधारण महाबळेश्वरच्या उंचीपर्यंत चढतो. गाडीत बसला होतात की विमानात, हे तुमच्या रक्तातल्या नायट्रोजनला कळत नाही. किंतामानीजवळच्या बातूर ज्वालामुखीचा सूर्योदय ट्रेक 1717 मीटर. तो डाइव्हच्या आधीच्या दिवसांत ठेवा. डाइव्हनंतर निघायचं तर अमलापुरा-चंडीदासाकडून किनाऱ्याजवळचा, बराच सखल रस्ता घ्या.

म्हणून लिबर्टी एक दिवस आधी घ्या. जहाज ओपन वॉटरवाल्यांनाही छान दिसतं. 1942 साली जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने जायबंदी झाल्यावर ते किनाऱ्याला लावलं, आणि 1963 मध्ये आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकात घसरून पाण्यात गेलं. त्यामुळे वरचा भाग जेमतेम 5 मीटरवर आहे, खालचा 30 च्या आसपास. उतरायचं मात्र किनाऱ्यावरून, गोल गुळगुळीत काळ्या गोट्यांवरून. जाड तळव्याचे बूट हवेत. कमरेएवढ्या पाण्यात जाईपर्यंत फिन्स हातात, रेग्युलेटर तोंडात आणि जॅकेट अर्धं फुगलेलं ठेवा. घोटा मुरगळतो तो इथे, जहाजावर नाही.

प्रश्न : रक्तदाबाची गोळी चालू आहे, वय 51. फॉर्मवर सगळीकडे "नाही" लिहा, नाहीतर डाइव्ह करू देणार नाहीत, असं ग्रुपवर सांगतात. (सोलापूर)

ग्रुप तुमच्याबरोबर पाण्यात येणार नाही. पाण्यात उतरल्यावर पायांतलं रक्त छातीकडे सरकतं आणि हृदयावर भार वाढतो. काही गोळ्या, उदाहरणार्थ बीटा ब्लॉकर, श्रमाच्या वेळी हृदयाचा वेग वाढू देत नाहीत. दाब आटोक्यात असेल तर बहुतेकांना परवानगी मिळते, पण ती डॉक्टरांनी द्यायची. खोटा फॉर्म भरलात तर विमाही हात वर करील.

तो वैद्यकीय फॉर्म नेटवर मिळतो. छापून फिजिशियनकडे न्या आणि सही इथूनच घेऊन जा. सोरोंगच्या धक्क्यावर डॉक्टर शोधत फिरू नका. राजा अंपातला मलेरिया आहे, तेव्हा प्रतिबंधक औषधही त्याच भेटीत विचारा. मेफ्लोक्विन डायव्हरला नको, हे त्यांना आवर्जून सांगा. त्याचे चक्कर-गोंधळासारखे दुष्परिणाम आणि बेंड्स यांत फरक करणं अवघड होतं.

प्रश्न : पाळीत डाइव्ह केला तर शार्क येतात का? (नाशिक)

नाही.

प्रश्न : चश्म्याचा नंबर उणे 4 आहे. (सांगली)

नंबरच्या काचेचा मास्क मिळतो, इथूनच घेऊन जा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हो म्हटलं तर रोज बदलायच्या मऊ लेन्सही चालतात.

प्रश्न : शुद्ध शाकाहारी आहोत. बेटावर हाल होतील का? (जळगाव)

टेंपे, टोफू, भात मिळतो. घोळ होतो तो सांबलमध्ये, त्यात बहुधा तेरासी म्हणजे कोळंबीची पेस्ट असते. "तान्पा तेरासी" एवढे दोन शब्द पाठ करा, आणि बुकिंगच्या ईमेलमध्येच लिहून ठेवा, कारण लहान बेटावर भाजी होडीने येते.

प्रश्न : गुरुवारी निघतोय. सर्दी आहे, डाव्या कानाला दडा बसलाय. गोळी घेऊन उतरलं तर चालेल ना? (पुणे)

पत्र आलं सोमवारी. सर्दी कधीची, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

गोळीने नाक मोकळं होतं, आणि खाली असतानाच तिचा असर उतरला तर कानात अडकलेली हवा वर येताना निघत नाही. पडदा फाटतो तो अशाने. आजच कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. ते म्हणतील त्या दिवसापर्यंत डाइव्ह नाही, आणि विमानप्रवासाचंही त्यांनाच विचारा. रिसॉर्टला आत्ताच कळवा. बहुतेक ठिकाणी आजारपणात डाइव्ह पुढे ढकलतात, पण त्यांना आदल्या रात्री नव्हे, आधी समजायला हवं.