बाबांना विचारलंत का?

ह्यूस्टनच्या एका वाचकाचं लांबलचक पत्र आलंय. वडील ब्याऐंशीचे, आई शहात्तरची, दोघंच सोलापूरच्या 'जुळे सोलापूर' भागात राहतात. वडिलांच्या हृदयाचं पंपिंग बरंच खाली आलंय, गेल्या पावसाळ्यात दोनदा अॅडमिट होते. बहीण त्याच शहरात, होटगी रोडला. पत्रात प्रश्नांची रांग आहे, पुण्याला हलवावं का इथपासून बँकेच्या नॉमिनीपर्यंत. मी मात्र मधल्या एका वाक्यावरच अडून बसलेय. ते लिहितात, "वेळ आली तर काय करायचं हे मी आणि ताईने ठरवून ठेवलंय. पॉवर ऑफ अटर्नी माझ्याकडे आहेच. बाबांना या वयात कशाला त्रास?"

अहो, आजारी कोण आहे? घशात नळी कोणाच्या जाणार आहे? मिटिंग दोघांची झाली, आणि ज्याच्याबद्दल झाली तो माणूस शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलेला. तुम्ही माझ्या मुलाच्या वयाचे, म्हणून स्पष्ट बोलते. हे काही तुमचं एकट्याचं नाही. आपण परदेशात राहिलेली मंडळी आईवडिलांसाठी वॉटर प्युरिफायरपासून केअरटेकरपर्यंत सगळं करतो, फक्त त्यांना विचारत नाही.

आधी त्या पॉवर ऑफ अटर्नीचा, म्हणजे मुखत्यारपत्राचा, भ्रम काढून टाका. ती बहुतेक फ्लॅट आणि बँकेसाठी केलेली असणार. शिवाय 1872 च्या करार कायद्यानुसार, देणाऱ्या माणसाचं मन ठिकाणावर राहिलं नाही की ती संपते. म्हणजे बाबा शुद्धीत नसतील, नेमकं तेव्हाच तुमच्या हातातला कागद कुचकामी. टेक्सासमध्ये आपल्या वतीने उपचारांचे निर्णय कोणी घ्यायचे हे सांगणारा मेडिकल पॉवर ऑफ अटर्नी असा वेगळा कागद असतो, तुमच्या डोक्यात तोच घोळत असेल. तो इथे प्रिंट काढून चालत नाही. (तुमचा स्वतःचा तरी भरलाय का? तिकडे 1991 पासून अॅडमिट होताना हॉस्पिटलला त्याबद्दल विचारावंच लागतं, आणि आपण "नंतर बघू" म्हणून पान उलटतो.)

भारतात यासाठी वेगळी सोय आहे. सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 ला निकाल दिला: बरं होण्याची आशा उरली नाही, तर कृत्रिम उपायांनी आयुष्य लांबवू नका, असं माणूस आधीच लिहून ठेवू शकतो. लिव्हिंग विल म्हणतात ते हेच. सुरुवातीला त्यावर मॅजिस्ट्रेटची सही लागायची, त्यामुळे कोणी वाटेला जाईना. जानेवारी 2023 मध्ये ती अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. गोव्यात तर 2024 मध्ये हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींनी स्वतःचं लिव्हिंग विल करून सुरुवात करून दिली.

तुमची आई म्हणते, "असलं अभद्र बोलू नका, वास्तू तथास्तु म्हणते." माझ्या सासूबाईही हेच म्हणायच्या. वास्तूचे कान एवढे तिखट असते तर एलआयसीचा पहिला हप्ता भरला त्याच दिवशी तिने तथास्तु म्हटलं असतं. आईला एवढंच समजावून सांगा की बाबा बरे होण्यासारखे असतील तेव्हा हा कागद कोणी उघडतसुद्धा नाही. आणि वेळ आलीच, तरी एक डॉक्टर मनाने ठरवत नाही. उपचार करणारे डॉक्टर आणि आणखी दोन तज्ज्ञ असं एक मंडळ, त्यानंतर वेगळ्या डॉक्टरांचं दुसरं मंडळ, त्यात एक जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला. दोन्हींचं एकमत झालं तरच पुढे, आणि तेही मॅजिस्ट्रेटला कळवून.

सासूबाईंच्या वेळी यातलं काहीच नव्हतं. त्यांना मोठा ब्रेन स्ट्रोक झाला, त्या शुद्धीवर आल्याच नाहीत. आम्ही न्यू जर्सीत, धाकटा दीर सिडनीत, नणंद दुबईत. व्हॉट्सअॅपवर ग्रुप झाला, आणि जो सगळ्यात लांब त्याचा आवाज सगळ्यात मोठा. दीर मध्यरात्री उठून लिहायचे, "पैशाची काळजी करू नका, सगळं करा." सगळं केलं गेलं. घशात नळी, नाकात नळी, मानेत सुई, हात पलंगाला बांधलेले. सासरे संध्याकाळी अर्ध्या तासाचा पास घेऊन आत जायचे आणि बाहेर येऊन आल्यागेल्याला एकच विचारायचे, "तिला कळतंय का हो?" पन्नास वर्षांचा संसार त्यांचा, पण काय करायचं हे त्यांना कोणी विचारलं नाही. शेवटी बिलाखाली वाकलेल्या घरांचं होतं तेच झालं, "डामा"वर सही करून घरी आणलं. म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर. त्या अवस्थेत घरी आणलेल्या माणसाला दुखलं तर काय द्यायचं, हे कोणीही लिहून दिलेलं नव्हतं.

आम्ही तिकडचं आवरून सोलापूरला परतल्यावर मी सासऱ्यांना सरळ विचारलं. सरळ म्हणजे "तुम्हाला व्हेंटिलेटर हवा का" असं नाही. असं विचारलं की माणूस एक तर हसण्यावारी नेतो नाही तर रागावतो. दुपारी जेवणं झाली होती, ते शेंगाचटणीची बरणी पुसत होते. म्हटलं, "अण्णा, आईंना ठेवलं होतं तसं तुम्हाला चालेल?" बराच वेळ पुसत राहिले, आणि मग जे बोलायला लागले ते चहापर्यंत. नळी नको. माणसं ओळखू येईनाशी झाली तर नाकातून भरवायचं नाही. पण किडनीचं काही निघालं तर डायलिसिस एकदा करून बघा, त्याला माझी ना नाही. दुखू देऊ नका. जमलं तर घरी. आणि हे सगळं सिद्धेश्वराची गड्डा जत्रा झाल्यावर, त्याच्या आधी मला जायचं नाही!

त्यातला डायलिसिसचा मुद्दा बघा. आम्ही आपापसात ठरवलं असतं, तर "अण्णांना काहीच नको असणार" म्हणून मोकळे झालो असतो. म्हातारी माणसं "सगळं करा" आणि "काही करू नका" यांच्या मधलं बरंच काही सांगतात, ऐकणारं कोणी बसलं तर.

ते तसंच्या तसं मराठीत लिहिलं, नोटरीपुढे सह्या झाल्या. पुढे न्यूमोनिया झाला तेव्हा डॉक्टरांनी कागद वाचला, अण्णांना कानाशी जाऊन विचारलं, त्यांनी मान हलवली. अँटिबायोटिक आणि ऑक्सिजन चालू राहिला, नळी घातली नाही. सिडनीहून फोन आलाच, "व्हेंटिलेटर का नाही लावला?" मी कागद वाचून दाखवला. पलीकडे शांतता. मग दिरांनी विचारलं, "सही अण्णांचीच आहे?" हो म्हटल्यावर म्हणाले, "मग ठीक आहे. मी निघतो."

तर ह्यूस्टनकर, पुढच्या खेपेला आलात की हे करा. बाबांशी बोलणं एका बैठकीत उरकू नका. लिव्हिंग विलमध्ये निर्णय सांगणारी माणसं म्हणून एकापेक्षा जास्त नावं घालता येतात. पहिलं नाव ताईचं घाला, तुमचं दुसरं. राग मानू नका. तुम्हाला दारात पोचायला दीड दिवस लागतो, ताई रिक्षाने येते. साक्षीदार घरच्यांपैकी नकोत, शेजारचे चालतील. एक प्रत ताईकडे, एक तुमच्याकडे, एक फॅमिली डॉक्टरांकडे, आणि एक महापालिकेला. तिथे टेबलावरच्या माणसाला हा प्रकार ठाऊक नसेल तर वाद घालू नका, 2023 च्या आदेशाची प्रत जोडा, आवक विभागात द्या आणि शिक्क्याची पोच घ्या. मूळ कागद कपाटाच्या लॉकरमध्ये कुलूप लावून ठेवू नका, हॉस्पिटलच्या फाईलमध्ये सगळ्यात वर लावा. मन बदललं तर बाबा तो कधीही लेखी रद्द करू शकतात, हेही त्यांना सांगा.

आणि डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा की शेवटी धाप लागली, दुखलं, तर घरी येऊन औषध कोण देईल. मॉर्फिनचं नाव काढलं की आपल्याकडे माणसं दचकतात. अमली पदार्थांचा कायदा अशा औषधांसाठी 2014 मध्ये सैल झाला, तरी ते प्रत्येक दुकानात मिळत नाही. कुठे मिळतं ते रात्री दोन वाजता शोधायची वेळ येऊ नये.

आता बाकीचे प्रश्न. पुण्याला हलवायचं का? अडीचशे किलोमीटर अॅम्ब्युलन्समध्ये नेऊन तिथे सोलापूरपेक्षा वेगळं काय होणार आहे, हे डॉक्टरांकडून नीट कळल्याशिवाय नाही. बँकेत नोव्हेंबर 2025 पासून चार नॉमिनी देता येतात, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, त्यासाठी मृत्युपत्र करा. ते लिव्हिंग विलपेक्षा वेगळं, एकाच कागदावर दोन्ही कोंबू नका. "मी पोचेपर्यंत अंत्यविधी थांबवता येईल का?" येतो, फ्रीझर बॉक्स भाड्याने मिळतो, पण थांबवायचं की नाही हेही बाबांना विचारायच्या यादीत घाला. ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं कार्ड, ज्या बॅगेत पासपोर्ट, त्याच बॅगेत.

शेवटचा प्रश्न, "नंतर आईला इकडे आणावं का?" ते मला कसं विचारता? आईला विचारा. आणि तिचाही कागद त्याच दिवशी करून टाका, नोटरीला दोनदा कशाला बोलवायचं.